काढलेल्या प्लगचा जबाब

पुण्याहून निघालेली पेट्रोल गाडी एक्स्प्रेसवेने दोन तासांत मुंबईला पोहोचली, तर तेवढ्या वेळात तिच्या प्रत्येक स्पार्क प्लगने साधारण दीड लाख ठिणग्या टाकलेल्या असतात. हिशेब सोपा आहे. एंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेतं असं धरा; फोर-स्ट्रोक एंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला साडेबाराशे. चार सिलिंडरच्या मिळून सहा लाख. त्यातली एखाद-दुसरी चुकली तर गाडीत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. वरचेवर चुकायला लागल्या की सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, खंबाटकीच्या चढाला पिकअप मिळत नाही, आणि मालक गॅरेजात जाऊन सांगतो, "गाडी मिसिंग मारतेय."

मग बोनेट उघडतं, जुने प्लग निघतात, नवे बसतात, बिल होतं. जाणत्या हाताला हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं. या लेखासाठी पुण्याच्या नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली गॅरेजं आणि हायवेकडेची काही चकचकीत सर्व्हिस सेंटरं पाहिली. नवा प्लग कोणता घ्यावा, कितीला पडतो, किती किलोमीटर जातो, यावर सगळे भरभरून बोलले. जुन्याचं काय करता, असं विचारल्यावर बहुतेकांनी भंगाराच्या डब्याकडे हात केला. माझी तक्रार त्या डब्याबद्दल आहे. गाडीला नेमकं काय झालं होतं याचा जबाब जुन्या प्लगच्या टोकावर लिहिलेला असतो, आणि तो न वाचताच भंगारात जातो.

प्लग हातात घेऊन नीट पाहणारे कमी. वर पांढरा दांडा, मध्ये पाना लागायला षट्कोन, खाली आटे पाडलेलं पोलादी कवच आणि तळाशी समोरासमोर दोन टोकं. दांडा कपबशीच्या चिनी मातीचा वाटतो, पण तो ॲल्युमिना असतो. म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, भट्टीत भाजून दगडासारखं केलेलं. पूर्वी खरंच पोर्सेलीन वापरत. विमानांच्या प्लगांत अभ्रक असे, आणि जगातला उत्तम अभ्रक बराचसा आपल्या कोडर्मा-हजारीबागच्या खाणींतून जाई. १९३०च्या दशकापासून ॲल्युमिना आलं आणि बाकीचे मागे पडले. त्याला सोसावं लागतं ते पाहा: एका क्षणी आत थंड हवा आणि पेट्रोलची वाफ येते, लगेच पुढच्या क्षणी दोन हजार अंशांच्या वर गेलेली ज्वाळा. त्यात बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलने वीस-तीस हजारांवर नेलेले. एवढी वीज कुठूनही फुटून बाहेर पडू पाहते. तिला फक्त तळाच्या मिलिमीटरभर फटीतूनच उडी मारायला लावायचं, हे त्या पांढऱ्या दांड्याचं काम.

प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू घेऊन जाते. टोकं झिजली की फट वाढते, फट वाढली की उडीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तो जादा बोजा कॉइलवर पडतो. प्लगचे पैसे वाचवणाऱ्याची कॉइल जाते, हे गॅरेजवाल्यांचं म्हणणं गिऱ्हाइकाला धंद्याची युक्ती वाटतं. ते खरं आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. प्लगचं टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर तापलं, तरच त्याच्यावर बसलेली काजळी जळून जाते. आठशे-नऊशेच्या पलीकडे गेलं, तर ठिणगी पडायच्या आधी त्या लाल टोकानेच पेट्रोल पेट घेतं आणि पिस्टनचं वाटोळं होतं. या दोन मर्यादांच्या मध्ये टोक राहावं म्हणून प्रत्येक एंजिनाला ठरावीक 'गरम' किंवा 'थंड' प्लग लागतो. हा गुण नंबरात लिहिलेला असतो, आणि इथे कंपन्यांनी गिऱ्हाइकाची पुरती फजिती करून ठेवली आहे. एनजीके आणि डेन्सोचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड; बॉश आणि चँपियनचं बरोबर उलट. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने गल्ल्याखालून तेलकट झालेला तक्ता काढून दाखवला. "लोक येतात, म्हणतात हाच नंबर दुसऱ्या कंपनीत द्या. मी आधी गाडी विचारतो. नंबरावरून प्लग दिला तर एंजिन माझ्या नावाने रडेल," असं ते म्हणाले.

एंजिनात विजेची ठिणगी पाडायची कल्पना जुनी आहे. एटिएन लेन्वार याने १८६० साली पॅरिसमध्ये केलेल्या गॅस एंजिनात ती होती. पण वेगाने फिरणाऱ्या एंजिनाला पुरून उरेल अशी भरवशाची ठिणगी मिळायला १९०२ उजाडलं. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. त्याच बॉशच्या भागीदारीत १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. 'मायको' म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीने ओळखलेली ती हीच. २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी जुना मिस्त्री अजून "मायकोचा प्लग दे" असंच म्हणतो.

मराठी मध्यमवर्गाची प्लगशी ओळख मात्र मोटारीमुळे झालेली नाही. ती झाली आकुर्डीच्या कारखान्यातून आलेल्या स्कूटरमुळे. जुनी चेतक टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लग तेलकट होणं ठरलेलं. सकाळी ऑफिसची वेळ, स्कूटर चालू होत नाही, ती एका अंगाला तिरकी करायची, पुन्हा किक मारायच्या, तरीही नाही. मग बाजूचं कव्हर काढून प्लग बाहेर. फडक्याने पुसायचा, पॉलिश पेपर मारायचा, फुंकर घालायची आणि परत लावायचा. हँडलखालच्या पेटीत प्लगपाना आणि एक साफ केलेला जादा प्लग नसेल, तर तो माणूस बेजबाबदार समजला जाई. बँकेतले कारकून, शाळामास्तर, एलआयसीचे एजंट, सगळ्यांना प्लगचा चेहरा कळत होता. ओला म्हणजे काय, काळा म्हणजे काय, हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि हेही सांगतो की त्या सकाळी परत याव्यात असं मला मुळीच वाटत नाही.

मोटारीत ही विद्या मुरली ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांत. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात व्हायची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं एंजिन, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, आणि बोनेट उघडलं की चारही प्लग समोर. वर्षानुवर्षं पद्मिनी चालवलेले साताऱ्याकडचे एक काका म्हणाले, "आम्ही कुठं गॅरेजला जायचो? स्टँडवरच प्लग काढायचा, ब्रश मारायचा, गॅप बघायचा." गॅप कशाने बघायचा? फिलर गेज असलेले थोडे. बाकीचे हॅकसॉचं पातं सरकवून बघत. हे अडाणीपण वाटेल, पण हाताने वापरायच्या हॅकसॉ पात्याची जाडी ०.६५ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि त्या काळच्या प्लगला ०.६ ते ०.८ मिलिमीटर फट लागे. पातं अडकत-अडकत सरकलं की झालं काम. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आता वाचनाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

उद्यमनगरातल्या एका गॅरेजात एका छोट्या हॅचबॅकचे प्लग निघत होते. मिस्त्रींनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि निघेल तसा एकेक प्लग क्रमाने, पहिल्या सिलिंडरपासून चौथ्यापर्यंत, ओळीत मांडला. असं करणारा मला सगळ्या फिरण्यात विरळाच भेटला. पहिले दोन आणि चौथा, तिन्हींची टोकं फिकट तपकिरी, कोरडी. तिसरा काळा, चकचकीत, ओला. मिस्त्रींनी तो बोटावर घासून वास घेतला. "पेट्रोल न्हाई, ऑइल हाय. ह्येला प्लग कितीबी बदला, आठ दिस ग्वाड पळंल, मग परत हेच." निदान व्हॉल्व्ह सीलचं, नाहीतर रिंगांचं. मालक म्हणत होता की दोन महिन्यांपूर्वीच नवे प्लग टाकले होते. त्या वेळी काढलेले कोणी पाहिले नव्हते.

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी, भुसभुशीत, हाताला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो, इंजेक्टर गळत असू शकतो, किंवा गाडी रोज फक्त घर ते भाजी मंडई एवढीच चालते आणि प्लगला तापायला सवडच मिळत नाही. ही शेवटची शक्यता शहरातल्या निवृत्तांच्या गाड्यांत सर्रास दिसते, आणि तिच्यावरचा इलाज फुकट आहे: आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा. टोक पांढरंफटक, त्यावर बारीक फोड किंवा वितळलेले मणी, म्हणजे एंजिन जास्त तापतंय, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा चुकीचा गरम प्लग लागला आहे. चारांतला एकच धुतल्यासारखा लखलखीत असेल तर खुश होऊ नका. बहुधा हेड गॅस्केट फुटून त्या सिलिंडरात कूलंटचं पाणी शिरतंय आणि वाफेने प्लग साफ होतोय. टोकाजवळ ॲल्युमिनाचा टवका उडालेला असेल तर नॉकिंग, नाहीतर बसवणाऱ्याच्या हातून पडलेला प्लग.

एक खूण मात्र भल्याभल्यांना फसवते. वरच्या पांढऱ्या भागावर, पोलादी कवचाच्या लगत, तपकिरी वलय दिसतं. "कॉम्प्रेशन लीक होतंय," असं सांगून यावर प्लग बदलले जातात. ते लीक नसतं. उच्च व्होल्टेजमुळे भोवतीच्या हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. त्याला कोरोना डाग म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. त्याच पांढऱ्या भागावर वरून खाली उतरणारी काळी उभी रेघ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वीज बाहेरून उतरली आहे, आणि प्लगबरोबर त्याच्यावरचं रबरी बूटही बदलायला हवं. नुसता प्लग बदलला तर बुटातली रेघ नव्या प्लगला धरते.

या रंगांना इतिहास आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने नॉकिंग थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचा शोध लावला आणि पुढची काही दशकं जगभरच्या प्लगांवर शिशाची पुटं चढली. ती पुटं बसू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये आणखी ब्रोमीनचं संयुग घालावं लागे. आपल्याकडे १९९५मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या मिस्त्रींनी पाठ केलेले रंग त्यानंतर फिके झाले.

दुसरा इतिहास आपल्या घरचा आणि काळा. रेशनचं स्वस्त रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळायचा धंदा महाराष्ट्रात राजरोस चालत असे. रॉकेलची धड वाफ होत नाही आणि त्याने नॉकिंग वाढतं. प्लगवर दाट काजळी बसते. कोणत्या पंपाचं पेट्रोल भरलंय हे प्लगवरून ओळखणारे मिस्त्री होते, असं जुने लोक सांगतात, आणि त्यात नवल नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशा भेसळीला हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. पुढे रॉकेलवरचं अनुदान टप्प्याटप्प्याने संपलं आणि भेसळीतला नफाही आटला. आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर सगळ्या दुखण्यांचं खापर फुटतं. इतर तक्रारींत तथ्य असेल-नसेल, काजळीचा दोष तरी इथेनॉलला देता येत नाही. ते पेट्रोलपेक्षा स्वच्छ जळतं.

सीएनजीच्या गाड्यांना तर काजळी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे त्यांचे प्लग वाचणं अवघड. गॅसमधून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. म्हणून मिस्त्री फट थोडी कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. सीएनजीची गाडी मिसिंग मारायला लागली की पहिला संशय प्लगवर घ्यावा, आणि तो बहुधा खरा निघतो.

आता नव्या काळाचा प्लग. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं; निकेल १४५५ अंशांना वितळतं. प्लॅटिनम १७६८ला. इरिडियम २४४६ला. पॅरिसजवळ ठेवलेला आणि २०१९पर्यंत जगाचं किलोग्रॅम ठरवणारा ठोकळा याच दोन धातूंचा, ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियम. त्या तोलामोलाचा धातू आता साध्या गाड्यांच्या एंजिनात जाऊन बसला आहे. इरिडियम फारसं झिजत नाही म्हणून टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं, बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते, आणि प्लग लाखभर किलोमीटर सहज जातो. निकेलचा प्लग वीस-चाळीस हजारांत थकतो. किमतीतला फरक तीन-चार पटींचा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये इरिडियम लिहिलं असेल तर निकेल टाकून पैसे वाचवू नका. आणि निकेल लिहिलं असेल तर इरिडियम टाकल्याने गाडी विमान होणार नाही.

पण लाखभर किलोमीटर टिकणाऱ्या प्लगने एक नवं दुखणं आणलं. ज्याला सात-आठ वर्षं कोणी हात लावला नाही, तो निघत नाही. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचं कवच पोलादाचं. दोन्ही वर्षानुवर्षं तापून-निवून एकमेकांना धरतात. जोर लावला की हेडमधले आटे प्लगबरोबर बाहेर येतात. मग नवे आटे पाडून बुश बसवा, नाहीतर हेड उतरवा. अमेरिकेत फोर्डच्या २००४ ते २००८च्या सुमारच्या ५.४ लिटर एंजिनांत प्लग काढताना अर्धा आतच तुटून राहायचा, आणि तो काढायला खास हत्यारं निघाली. चेतकवाल्याला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याचा प्लग आठवड्याला निघत होता.

म्हणून काढण्यालाच जास्त कौशल्य लागतं. एंजिन गार हवं. गरम हेडमध्ये आटे मऊ असतात. कॉइल उपसल्यावर खालच्या खोल विहिरीत धूळ, वाळू, कधी पावसाचं पाणी साचलेलं असतं. आधी हवा मारून ते उडवायचं, नाहीतर प्लग निघताच सगळं सिलिंडरात पडतं. अडला तर पाव फेरा सोडून पुन्हा आवळायचा, भेदक तेल सोडायचं, थांबायचं, परत सोडायचा. पान्याच्या टॉमीवर उभं राहायचं नाही.

नवा बसवताना पहिले फेरे बोटांनीच. उद्यमनगरचे मिस्त्री प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवतात. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. मग टॉर्क पाना. चौदा मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, बारीक आट्यांच्या प्लगांना त्याहून बराच कमी. टॉर्क पाना नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तेवढाच. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, असं एनजीके स्वतः सांगते, कारण निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क प्लगला प्रमाणाबाहेर ताणतो. सैल ठेवणंही तितकंच वाईट. प्लगची उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच हेडमध्ये उतरते. सैल प्लग तापून मरतो. इरिडियमचं टोक ठोकून फट लावायचा उद्योग तर कधीच करू नये.

२००३च्या आसपासची होंडा सिटी असेल तर आणखी एक: त्या एंजिनात एका सिलिंडरला दोन, असे आठ प्लग आहेत. त्याच वर्षी बजाजच्या पल्सरलाही एका सिलिंडरला दोन प्लग आले. सिटीचे पुढचे चार सहज दिसतात, मागचे चार आड दडलेले. चारच बदलून आठांचं समाधान दिलेल्या सिटी गावोगाव फिरत असतील.

सर्व्हिस सेंटरमधल्या एका तरुण ॲडव्हायझरने मला स्कॅनर दाखवला. गाडीच्या संगणकाने कोड दिला होता, पी०३०३: तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय. "आता प्लग बघायची गरजच नाही, सर." स्कॅनर उत्तम गोष्ट आहे. चुकलेलं पेट्रोल न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि प्लॅटिनम-पॅलेडियमचा तो महाग भाग जाळून टाकतो. म्हणून चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला की गाडी दामटू नये, हे सांगणारा संगणक हवाच. पण कोड फक्त सिलिंडरचा नंबर देतो. तिथे ऑइल येतंय, पाणी येतंय, की नुसता प्लग म्हातारा झालाय, हे त्याला ठाऊक नाही. उद्यमनगरच्या बाकावर तिसराच प्लग ओला होता. स्कॅनरनेही तिसराच सांगितला असता, आणि तिथेही नवा प्लग टाकून गाडी दिली गेली असती.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा जॉब कार्डवर एक ओळ लिहून घ्या: काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने परत द्यावेत. ते तुमच्या मालकीचे आहेत. घरी आणून उजेडात चारही शेजारी ठेवा. चारही सारखे फिकट तपकिरी असतील तर फेकून द्या. एखादा वेगळा दिसला तर फोटो काढून मिस्त्रींना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तो प्लग सांभाळून ठेवा. गॅरेजने क्रमाने द्यायला कुरकुर केली, तर गॅरेज बदला.